कथा अडकते कुठं? क्रमात. पहिल्या ओळीपासून मेल पाठवेपर्यंतच्या पायऱ्या

मागच्या शनिवारी एका पोरीनं विचारलं, "दादा, टोपणनाव कोणतं घेऊ?" म्हटलं कथा किती झाली? तर म्हणे पहिला पॅरा झाला, तोच सातव्यांदा लिहून राहिली. नागपुरात धरमपेठेत एका ओळखीच्यांच्या गच्चीवर आम्ही आठ-दहा जण महिन्यातून दोनदा बसतो, एकमेकांचं लिहिलेलं वाचतो, आणि नवीन आलेला प्रत्येक माणूस हेच प्रश्न घेऊन येतो. नाव काय ठेवू, कल्पना कोणी चोरली तर, किती शब्द पाहिजे, बोलीत लिहू का प्रमाण मराठीत. प्रश्न चुकीचे नाहीत बाप्पा, पण ते शेवटच्या पायऱ्यांवरचे आहेत आणि माणूस अजून पहिलीवर उभा आहे. माझ्याकडे येणाऱ्या अर्धवट कथांपैकी बहुतेक इथंच पडलेल्या असतात, शुद्धलेखन आधी नि गोष्ट नंतर.

म्हणून खाली सगळं क्रमानं लिहून ठेवतो. समजायला सोपं जावं म्हणून एकच गोष्ट शेवटपर्यंत वापरू. तान्हा पोळा आहे, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा पोरांचा पोळा, पोरं सजवलेले लाकडी नंदी घेऊन मैदानात येतात नि बक्षिसं मिळतात. गोलू नावाचा आठ वर्षांचा पोरगा आहे आणि एक लाकडी नंदी आहे.

पायरी १. कल्पना शोधू नका, सामान गोळा करा

"सुचत नाही" म्हणणाऱ्याला मी एकच सांगतो, विषय शोधणं सोड, तुझ्या डोक्यातून जात नाही असं एखादं दृश्य सांग. तान्ह्या पोळ्याला एका पोराच्या हातात नंदी नव्हता, नुसता बाजूला उभा होता, एवढं दिसलं तरी पुरे. मग त्या दृश्याभोवतीचं सामान वहीत उतरवायचं, निदान वीस गोष्टी. नंदीच्या चाकांचा करकर आवाज, ताज्या ऑइलपेंटचा वास, शिंगांना लावलेला बेगड, झूल, धोतर नेसवलेली पोरं, लाऊडस्पीकरवर नंबर पुकारणारे काका, बक्षिसाच्या टेबलावरचे स्टीलचे डबे, घरोघरी पोरांना मिळणारा पैसे-खाऊचा बोजारा, सकाळच्या मारबतीच्या मिरवणुकीनं थकलेलं शहर, भरून आलेलं आभाळ.

वही एकच ठेवा. अर्धं मोबाईलच्या नोट्समध्ये, अर्धं पाकिटावर, अर्धं स्वतःलाच पाठवलेल्या व्हॉट्सअॅप मेसेजमध्ये असलं तर ते पुन्हा सापडत नाही, मी तीन वर्षं हेच केलं आहे.

तपासा: वीसपैकी किती गोष्टी नाकाला, कानाला, हाताला कळणाऱ्या आहेत? सगळ्याच डोळ्यांच्या असतील तर अजून एकदा जाऊन या.

पायरी २. एक ओळ लिहा, आणि ती विषयाची नको

"गरिबी आणि बालमनाची घुसमट" हा झाला विषय, यावर भाषण होईल. ओळीत तीन गोष्टी लागतात: कोणाला काय पाहिजे, आडवं काय येतं, आणि मग तो काय करतो. आपल्या गोष्टीची ओळ अशी: ई-रिक्षा चालवणाऱ्या बापाला पोरासाठी नंदी पाहिजे, हातात पैसे नाहीत, म्हणून तो घरमालकाच्या माळ्यावरचा जुना नंदी न विचारता काढून आणतो आणि मैदानात मालकाचा नातू तो ओळखतो.

यात "न विचारता" हे दोन शब्द काढून बघा. मालकानं स्वतःहून दिला असं केलं तर कथा उरते का? नाही उरत, एक चांगला मालक नि एक खूश पोरगा उरतो. ज्या शब्दावर गोष्ट उभी आहे तो तुमच्या ओळीत सापडला पाहिजे. नसेल तर दुसऱ्या पायरीवरच थांबा, पुढं जाऊन तो आपोआप सापडत नाही.

पायरी ३. सांगणारा कोण ते ठरवा

मी, का तो? आणि "तो" असेल तर कोणाच्या खांद्यावरून बघायचं? गोलूच्या बाजूनं सांगितली तर नंदी चोरून आणला हे त्याला माहीतच नाही, वाचकाला आणि त्याला एकाच वेळी कळेल. बापाच्या बाजूनं सांगितली तर भीती पहिल्या ओळीपासून सुरू होते, प्रत्येक ओळखीचा चेहरा बघून त्याच्या पोटात गोळा. दोन्ही चालतात पण दोन वेगळ्या कथा होतात. डोक्यात ठरवू नका, तेच दृश्य दोन्ही बाजूंनी दहा-दहा ओळी लिहून बघा, अर्धा तास लागतो, आणि हात ज्याच्यावर सैल चालला तो घ्या.

सावधान: एकाच दृश्यात गोलूच्या मनात, मग बापाच्या, मग नातवाच्या मनात उड्या मारू नका. आणि आठ वर्षांच्या "मी"च्या तोंडी "नियतीचा क्रूर खेळ" नको. आठ वर्षांच्या पोराला नियती माहीत नसते, त्याला एवढंच कळतं की बाबा आज जोरात बोलत नाहीत.

पायरी ४. दृश्यांची यादी

लाईट बिलाच्या मागे मावली पाहिजे इतकी छोटी. बाजारात नंदी बघून परत येणं. रात्री माळा. सकाळी तुटलेलं चाक दुरुस्त करणं. मैदान. घरी परतणं. पाच झाली, बस. प्रत्येकासमोर एक शब्द लिहा, आधीच्यापेक्षा काय बदललं. काहीच बदललं नसेल तर ते दृश्य उडवा, मग ते कितीही सुंदर सुचलेलं असो.

पायरी ५. पहिला ड्राफ्ट, मागं न बघता

सगळ्यात जास्त माणसं इथं गळतात म्हणून इथं जरा थांबतो.

पहिला ड्राफ्ट वाईटच असतो, तो वाईट लिहायची परवानगी स्वतःला द्यायची आणि पुढं जायचं. रोज ३०० शब्द धरा, २००० शब्दांची कथा आठवड्यात होते. काल लिहिलेलं आज वाचायचं नाही, फार तर शेवटच्या दोन ओळी, गाडी कुठं उभी केली होती ते कळण्यापुरत्या. नंदीची किंमत माहीत नाही? चौकोनी कंस टाका, आत "किंमत बघ" लिहा आणि पुढचं वाक्य. मालकाचं आडनाव सुचत नाही? कंस. गूगल उघडलं की अर्धा तास गेला समजा, वर तिथून तुम्ही क्रिकेटच्या स्कोअरवर पोचता.

उठताना दृश्य पूर्ण करून उठू नका, वाक्य अर्धवट सोडून उठा. दुसऱ्या दिवशी बसल्या बसल्या हात चालतो. वेडेपणा वाटतो पण करून बघा.

टायपिंगचं सांगतो. सुरुवातीपासून युनिकोडमध्येच लिहा, मोबाईलचा मराठी कीबोर्ड असो की कॉम्प्युटरवरचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड. कृतिदेव, श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाईप केलेली फाईल दुसऱ्याच्या मशीनवर तो फॉन्ट नसला तर चिन्हांचा कचरा दिसते, आणि कन्व्हर्टरमधून काढली तर जोडाक्षरं नि रफार कुठंतरी मोडतातच. माझी चाळीस पानं अशी गेली आहेत, पुन्हा टाईप करायला अख्खा मे महिना कूलरसमोर बसलो होतो. बोलून टाईप करत असाल तर करा, वेळ वाचतो, पण पूर्णविराम-स्वल्पविराम गळतात आणि आपलं "मले" तिकडं "मला" होऊन उमटतं, ते नंतर हातानं नीट करावं लागतं.

सावधान: अर्धी कथा कोणालाही दाखवू नका, बायकोला नाही, मित्राला नाही, स्टेटसला तर मुळीच नाही. "वा" मिळालं तरी पूर्ण करायची भूक मरते आणि "ठीक आहे" मिळालं तरी मरते.

पायरी ६. झाकून ठेवा

किमान दोन आठवडे. या काळात दुसरं काहीही लिहा. डेडलाईन उद्याची असेल तर निदान एक रात्र तरी जाऊ द्या.

पायरी ७. मोठी दुरुस्ती

आता प्रिंट काढा, स्क्रीनवर नको. पहिल्या वाचनाला हातात पेन नको, मोठ्यानं वाचा, कुठं जीभ अडखळते आणि कुठं स्वतःलाच कंटाळा येतो तिथं फक्त पानाचा कोपरा मुडपा. २००० शब्द मोठ्यानं वाचायला पंधरा-वीस मिनिटं लागतात, जास्त नाही. मग पेन घ्या, पण शब्दांना हात लावायचा नाही, आधी तीनच गोष्टी बघायच्या.

एक, सुरुवात. बहुतेक ड्राफ्टमध्ये खरी कथा दुसऱ्या पानावर सुरू होते. आधी शहराचं वर्णन, मग ऋतू, मग कुटुंबाची माहिती, मग "त्या दिवशी मात्र". पहिलं पान हातानं झाका आणि "त्या दिवशी"पासून वाचून बघा. आपल्या कथेत बाप बाजारात नंदी हातात घेतो, उलटा करून चाकं बघतो आणि किंमत न विचारताच परत ठेवतो, तिथून सुरू केलं की त्याच्या खिशाबद्दल वेगळं सांगावं लागत नाही.

दोन, शेवट. शेवटचा पॅरा खोडा आणि त्याच्या आधीच्या वाक्यावर कथा संपते का बघा. दहातल्या आठ वेळा संपते. आमच्या उदाहरणाचा पहिला शेवट होता, "त्या दिवशी गोलूला कळले की गरिबी हाच सर्वात मोठा गुन्हा आहे." त्याच्या आधीची ओळ होती, "घरी येईपर्यंत दोरी त्याच्या हातात होती, मागं मागं जमिनीवर घासत." दोरीवर थांबा ना भाऊ. वाचकाला गुन्हा कोणाचा ते कळतं.

तीन, कारण. प्रत्येक दृश्य आधीच्यामुळे घडतं का? नातू मैदानात "योगायोगानं" आला तर वाचक मनातल्या मनात पुस्तक मिटतो. तो तिथं येणारच होता, त्याच वस्तीतला आहे, त्याचा नवा मोठा नंदी घेऊन आला आहे, हे आधी कुठंतरी एका ओळीत पडलेलं पाहिजे. कथेत अडचण आणणारा योगायोग एखादा खपतो, अडचण सोडवणारा एकही खपत नाही, असं माझं मत.

पायरी ८. वाक्यं, संवाद, बोली

आता शब्दांना हात लावायचा. नातू नंदी ओळखतो ते दृश्य पहिल्या ड्राफ्टमध्ये असं होतं:

"गोलू अतिशय दुःखी झाला. त्याच्या कोवळ्या मनावर जणू आभाळच कोसळले. त्याच्या डोळ्यांतून घळाघळा अश्रू वाहू लागले."

तीन वाक्यं, तिन्हीत एकच माहिती, आणि दिसत काहीच नाही. नंतर असं झालं:

"'हा नंदी माहा होय,' नातू म्हणाला. गोलूनं नंदीच्या गळ्यातली दोरी सोडायला घेतली. गाठ बाबांनी मारली होती, सुटेना."

दुःख हा शब्दच नाही यात. "अतिशय", "जणू", "अचानक", "एकदम" हे शब्द फाईलमध्ये सर्च करून बघा, अर्धे काढले तरी काही बिघडत नाही. संवादात "उद्गारला", "वदला", "उत्तरला" यांची रांग लावू नका, "म्हणाला" वाचकाला टोचत नाही, आणि कोण बोलतंय ते स्पष्ट असेल तर तेही नको.

बोलीचा प्रश्न नागपुरात हमखास येतो. माझं उत्तर: निवेदन तुमच्या हाताला सहज येईल त्या मराठीत, संवाद पात्राच्या तोंडच्या मराठीत. पण पात्राची बोली त्याच्या गावची पाहिजे. ड्राफ्ट येतात त्यात विदर्भातला म्हातारा "आरं लेकरा, लई वंगाळ झालं बघ" म्हणतो, हे सिनेमातलं गाव आहे, इथलं नाही. इथला बाप म्हणेल, "काऊन रडून राहिला? चाल घरी." भंडारा-गोंदियाकडून आलेला असेल तर झाडीबोलीचा सूर येईल, अमरावती-अकोल्याचा असेल तर वऱ्हाडीचा, आणि दोन्ही सारखे नाहीत हे आपल्यालाच माहीत नसेल तर दुसऱ्याला काय सांगणार. कान लावून ऐका, बसस्टॉपवर, तर्री पोह्याच्या ठेल्यावर.

आणखी एक बारीक गोष्ट. खरा माणूस सगळ्यांशी एकच भाषा बोलत नाही. गोलूचा बाप पोराला म्हणतो "आणून देतो ना तुले", आणि दहा मिनिटांनी घरमालकासमोर "मी आणून देतो साहेब, चुकलं माझं". "तुले"वरून "माझं"वर आला तिथं त्याची भीती दिसते. हे ठरवून केलेलं असेल तर उत्तम, पण एकाच माणसाशी बोलताना एका ओळीत "मले" नि पुढच्या ओळीत "मला" आलं तर तो निव्वळ निष्काळजीपणा. म्हणून एक कागद ठेवा: "राहिला" लिहायचं की "रायला", "होय" की "व्हय", "आहे" की "हाये", एकदा ठरवा, लिहून ठेवा, शेवटपर्यंत तेच. बोलीतल्या शब्दाचा अर्थ कंसात देऊ नका, वाक्यच असं करा की अर्थ कळेल.

पायरी ९. शुद्धलेखन आणि तथ्यं, आता कुठं

हे आधी केलं असतं तर कापलेल्या पानांचीही वेलांटी सुधारत बसला असता. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम मोजून १८ आहेत, एका दुपारी वाचून होतात. मला सतत दिसणाऱ्या चुका सांगतो.

शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ: कवी, गुरू, मी, तू, आणि "की" सुद्धा. "आणि" मात्र ऱ्हस्व, "परंतु"ही तसंच. पण कवी समासात पुढं गेला की कविसंमेलन. दूध, पण दुधाला. मूल, पण मुलाला. वकील, पण वकिलाला. अनेकवचनाला प्रत्यय लागला की अनुस्वार: घरांना, पोरांनी, डोळ्यांत. निवेदनात "केलं, गेलं" लिहायचं की "केले, गेले" ते एकदाच ठरवा, अर्ध्या पानावर बदललं की वाचकाला नक्की कळतं की इथं तुम्ही चहाला उठला होता. आपल्याकडं बोलताना न आणि ण एकमेकांत मिसळतात, संवादात "पानी" चालेल, निवेदनात "पाणी"च.

मोबाईलचा ऑटोकरेक्ट बंद करून शेवटची नजर स्वतः टाका, तो "नंदी"चा "नदी" कधी करेल सांगता येत नाही.

मग ते चौकोनी कंस. एकेक भरा आणि बाकीचं तपासा. एका ड्राफ्टमध्ये तान्ह्या पोळ्याच्या रात्री गच्चीवर पूर्ण चंद्राचं चांदणं पडलं होतं, वर्णन झकास. पण पोळा श्रावण अमावास्येला, तान्हा पोळा त्याच्या दुसऱ्या दिवशी, चांदणं येणार कुठून? तिथी, पीक, शाळेच्या सुट्ट्या, बसचे रस्ते, मेट्रो तेव्हा सुरू होती का, हे सगळं बघा. इथला वाचक दुसरं काही नाही तरी हे पकडतोच.

तपासा: फाईलमध्ये कंसाचं चिन्ह सर्च करा. एकही उरला नाही ना? मी एकदा "मालकाचं नाव टाक" असं कंसासकट पाठवलं होतं.

पायरी १०. दोन वाचक

तीन चालतील, दहा नको. त्यातला एक तरी न लिहिणारा असावा. "कशी वाटली" विचारू नका, "छान" याशिवाय काही मिळत नाही. हे विचारा: कुठं थांबलात? कोणतं वाक्य दोनदा वाचावं लागलं? बापानं नंदी का आणला असं वाटलं? शेवटी पोराच्या हातात काय होतं? शेवटच्या प्रश्नाला "आठवत नाही" आलं तर दोरीचं वाक्य कमी पडतं आहे. ते बोलत असताना तुम्ही गप्प बसा, "मला असं म्हणायचं होतं" हे सांगायला प्रत्येक वाचकाच्या घरी जाता येणार नाही. दोघं एकाच जागी अडले तर ती जागा बदला, एकटाच अडला तर विचार करा.

पायरी ११. पाठवणं, आणि हक्काचे प्रश्न

आता नाव, टोपणनाव, काय हवं ते ठरवा. शीर्षकात शेवट फोडू नका, "चोरीचा नंदी" ठेवलं तर माळ्याचं दृश्य कशाला लिहिलं?

दिवाळी अंकाला पाठवायची असेल तर दिवाळीत जागे होऊ नका, साहित्य मागवणं उन्हाळ्यात-पावसाळ्यात चालतं. त्या अंकाचे मागचे दोन-तीन अंक वाचा, आवाहनात दिलेली शब्दमर्यादा पाळा, त्यांनी ३००० म्हटलं तर तुमचे ४५०० कोणी कापत बसणार नाही. वर्डची फाईल युनिकोडमध्ये, फोटो काढलेली पानं नाहीत, फाईलचं नाव तुमचं नाव आणि कथेचं नाव, "फायनल नवीन २" नाही. मेलमध्ये चार ओळी: कथा, शब्दसंख्या, अप्रकाशित आहे, फोन नंबर. कथेचा अर्थ समजावू नका.

कल्पना चोरीला जाईल का? कल्पनेवर कॉपीराईट नसतोच, लिहिलेल्या मजकुरावर असतो, आणि १९५७ च्या कायद्याप्रमाणे तो लिहिल्यापासून तुमचाच आहे, नोंदणी सक्तीची नाही. लेखकाच्या हयातीत आणि नंतर ६० वर्षं टिकतो. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी लागतात, सहीचा कागद नीट वाचा: मुदत लिहिलेली नसली तर ५ वर्षं धरतात, प्रदेश लिहिलेला नसला तर भारत. "सर्व हक्क कायमचे" असं दिसलं तर सही करण्याआधी विचारा, विचारल्यानं कोणी रागावत नाही आणि रागावलं तर बरंच झालं, आधीच कळलं. सिनेमाच्या गाण्याच्या ओळी कथेत टाकू नका, परवानगी लागते. पुढं पुस्तक स्वतः काढणार असाल आणि कोणी आयएसबीएनचे, म्हणजे पुस्तकाच्या ओळख क्रमांकाचे, वेगळे पैसे मागितले तर लक्षात ठेवा, तो नंबर आपल्याकडं सरकारी एजन्सीकडून फुकट मिळतो.

सावधान: एकच कथा दोन अंकांना एकाच वेळी नको. मी केलंय, दोन्हीकडं लागली, दोन्ही संपादकांचे फोन एकाच आठवड्यात आले, आणि त्यातल्या एकानं त्यानंतर माझं काही छापलं नाही, त्यांचं बरोबरच होतं. तारीख वहीत लिहा. कळवायची मुदत दिली असेल तर ती संपल्यावर, नसेल तर दोन-तीन महिन्यांनी एक मेल करा. तरीही उत्तर नाही आलं तर "कथा परत घेत आहे" असा दोन ओळींचा मेल टाका, तो सेंटमध्ये गेला आहे ना ते बघा, आणि मगच दुसरीकडं पाठवा.